मेसियाच्या केसांतली फणी

मी एक जुनी लाकडी फणी आहे. मित्रांनो, आज माझे निम्मे दाते पडले आहेत. पण एके काळी मी डेन्मार्कच्या राजघराण्यातल्या एका सुनेचे केस विंचरत होते.

माझा जन्म पोर्तुगालमधल्या कोइंब्रा गावचा. पायो नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने मला पिवळ्या, कठीण लाकडातून कोरले. एका सरदाराने मला आपल्या मुलीच्या लग्नासाठी विकत घेतले. तिचे नाव मेसिया. वय चौदा. डेन्मार्कच्या राजाचा धाकटा भाऊ एस्किल याच्याशी तिचे लग्न ठरले होते. त्याला तिने पाहिलेसुद्धा नव्हते.

जहाजावर मेसिया ओकून ओकून अर्धी झाली. तिची दाई ओरोआना मात्र रोज मला हातात घेई. "ऊठ पोरी, असल्या झिंज्या घेऊन सासरी गेलीस तर नाव माझं खराब होईल!"

सासरी माझे आणि त्या काळ्याभोर केसांचे फार कौतुक झाले. बायका केसांना हात लावून बघत. आम्ही तिघी एकत्र होतो तोवर मेसियाला परके वाटले नाही. दाई विंचरायची, दोघी आपल्या भाषेत बोलायच्या, सासूच्या चालण्याची नक्कल करून हसायच्या.

वर्षभराने सासूबाई, म्हणजे राजमाता, म्हणाल्या, "ही म्हातारी इथे असेपर्यंत सूनबाई आमची भाषा शिकायची नाही. वसंतातल्या पहिल्या जहाजाने तिला परत पाठवा."

मेसिया एस्किलकडे गेली, रडली. तो वाईट माणूस नव्हता. पण आईपुढे त्याचे काही चालत नसे.

शेवटच्या सकाळी दाई फारच सावकाश विंचरत होती.

"दाई, आज इतका वेळ का गं?"

"गुंता झालाय, पोरी."

मित्रांनो, गुंता कुठेच नव्हता. ते मला ठाऊक होते.

दाईच्या जागी गुन्वर आली. शेतकऱ्याची दांडगी मुलगी. पहिल्याच दिवशी तिने घोड्याची आयाळ ओढावी तशी मला ओढली आणि माझा एक दाता तुटला. मेसिया आपल्या भाषेत किंचाळली, "गाढवीण!" गुन्वरला वाटले, म्हणजे 'हळू'. दुसऱ्या दिवशी ती त्याच भाषेतला तो शब्द घोळवत अदबीने म्हणाली, "बाईसाहेब, आज अगदी गाढवीण विंचरते हं!"

दाई गेल्यापासून मेसिया त्या दिवशी पहिल्यांदा हसली. पुढे रोज सकाळी ती गुन्वरला आपल्या भाषेतला एक शब्द सांगू लागली. पाणी. बहीण. सावली. वर्षे गेली तसे त्या शब्दांतून गुन्वरला आख्खे कोइंब्रा पाठ झाले.

मेसियाला मुलगा झाला. तो मोठा झाल्यावर म्हणू लागला, "आई, चारचौघांत ते तुझं बोलू नकोस ना. लोक हसतात." त्यानंतर ती भाषा फक्त विंचरण्यापुरती उरली.

लग्नानंतरच्या विसाव्या वर्षी मेसियाला ताप आला. चौथ्या दिवशी दुपारी ती नवऱ्याच्या देशाची भाषा पार विसरली. उशीवरून डोके उचलून ती कळवळून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणू लागली. पाद्रीबुवांनी मान हलवली. "वातात बडबडताहेत."

मला हातात घेऊन उभी असलेली गुन्वर पुढे झाली. "बडबड नाही ती. पाऊस येतोय, अंजिरं वाळत घातलीत, ती आत घ्या म्हणताहेत."

मग एस्किलने खाली मान घालून विचारले, "'घेतली' असं तिच्या भाषेत कसं म्हणायचं?"

गुन्वरने सांगितले. त्याला जमेना. तिने पुन्हा सांगितले. राजाचा भाऊ दासीपुढे लहान मुलासारखा शब्द घोकत होता. मग तो पलंगाशी गुडघे टेकून बसला आणि बोबड्या उच्चारांत म्हणाला, "घेतली गं. सगळी आत घेतली."

मेसियाने त्याच्याकडे बघितले. "भिजली नाहीत ना?" तिने विचारले. गुन्वरने त्याच्या कानात अर्थ सांगितला, उत्तरही सांगितले. "एकही नाही," तो म्हणाला. तिने डोळे मिटले. संध्याकाळी ती गेली.

गुन्वरने मला मागून घेतले. आता मी तिच्या नातीच्या घरात फळीवर पडून असते. कोणी मला वापरत नाही आणि त्याचे मला दुःखही नाही. फक्त एक मागणे आहे. मित्रांनो, दूरच्या मुलखातून कोणी तुमच्या घरी राहायला आले, तर पहिल्याच आठवड्यात त्याच्या भाषेतला एक शब्द मागून घ्या. चुकीचा उच्चारलात तरी चालेल. एस्किलने तो फार उशिरा मागितला.