चतकोर पोळी

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तसा सुपडू लेकीला माहेरी आणायला कोरीटहून तिच्या सासरच्या गावी, प्रकाशाला गेला. रुचिकाचं लग्न हिवाळ्यात झालेलं, ही तिची पहिलीच आखाजी.

महिन्याभरापूर्वी नंदुरबारच्या दवाखान्यात त्याचं रक्त तपासलं होतं. मधुमेह झाला नव्हता, पण साखर उंबरठ्यापर्यंत आली होती. "इथून माघारी फिरता येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "गोड कमी करा, ताटात भाजी वाढवा, जेवल्यावर थोडं चाला."

सुपडूच्या वडिलांचा पाय याच आजारात गुडघ्यापासून कापावा लागला होता. त्यांना उचलून अंगणात बसवायचा तो सुपडूच. त्यामुळे तो मनातून हादरला आणि बायको धनुबाईशिवाय कोणाजवळ काही बोलला नाही. धनुबाईनं चहातली साखर बंद केली, रात्रीच्या भाताऐवजी ज्वारीची भाकरी आणि भाजी वाढू लागली. तो मिरचीच्या शेतात मोटरसायकल सोडून पायी जाऊ लागला. घरी हे जमत होतं. व्याह्यांच्या घरी काय करायचं, हे मात्र त्याला सुचलं नव्हतं.

विहीण कोकिळाबाईंनी त्याच्यासाठी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या. दिवेलागणीआधीच ताटं मांडली. परातीएवढी पोळी, तूप, आमरस. सुपडूनं चतकोर तोडून घेतली, बाकीची परत केली आणि रसाची वाटीही बाजूला सारली.

कोकिळाबाई हातात पोळी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. लग्नात मानपानावरून थोडी कुरबूर झाली होती, तेच त्यांच्या मनात आलं.

"याहीबुवा, लगनमा आमनं काही चुकनं व्हई त सांगी टाका. अन्नवर राग नका काढा."

स्वयंपाकघराच्या दारात रुचिका मान खाली घालून उभी होती. आपण गप्प बसलो तर हे पोरीला निस्तरावं लागेल, हे सुपडूला कळलं.

"राग नई शे, याहीनबाई. मन्ही शुगर वाढी ऱ्हायनी. आते संभाळं त वाची जासू, असं डाक्टरनी सांगं."

व्याही नवलसिंग दुसऱ्या पोळीचा घास घेत होते, त्यांचा हात थांबला. मग ते बायकोला म्हणाले, "पोळी ऱ्हाऊ दे. वांगानी भाजी वाढ त्यासले."

जेवण झाल्यावर दोघे तापीकडे चालत निघाले. घाटाच्या पायरीवर बसून नवलसिंगांनी चप्पल काढली. तळव्याला पट्टी होती.

"काच घुसनी व्हती," ते म्हणाले. "रगत दखायनं तवय समजनं. माले भी डाक्टर पहिले असंच बोलना व्हता, मी हासी काढं. आते शुगरन्या गोया चालू शेतस. घरमा कोनले सांगेल नई."

ही भीती सुपडूला ओळखीची होती.

"मन्ही भी हिंमत नव्हती," तो म्हणाला. "पोरगीना तोंडकडे दखीसन बोलनू. तुम्ही सांगी द्या याहीनबाईले. रागे भरतीन, पन सोबत ऱ्हातीन."

सकाळी कोकिळाबाईंचे डोळे सुजलेले होते. त्यांनी दोघांपुढे बिनसाखरेचा चहा ठेवला, नवऱ्याकडे बघितलंही नाही. मात्र त्याच हातानं त्यांनी नवलसिंगांच्या तळव्याची पट्टी बदलली.

बसमध्ये रुचिका म्हणाली, "बाबा, माले का बरं नई सांगं?"

"तू काळजी करशी म्हनीसन."

"आते काय करी ऱ्हायनू मी?" ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून बसली.

दिवाळीच्या सुमारास सुपडूची साखर पुन्हा जागेवर आली. डॉक्टरीणबाईंनी हेच पुढे चालू ठेवायला सांगितलं. नवलसिंगांचा आजार माघारी फिरण्यातला नव्हता. पण जखम भरली, आणि कोकिळाबाई रोज त्यांचे तळवे तपासू लागल्या.

आता संध्याकाळचं जेवण झालं की एक जण कोरीटमध्ये चालायला निघतो, दुसरा तिकडे प्रकाशाला. कानाला फोन, बोलणं मिरचीचं, पाण्याचं, पोरांचं. व्याह्यांना दम लागलेला ऐकू आला की सुपडू इकडे आपली चाल हळू करतो.