बोंबीलकाकांना कोण खाणार?

रीमाने ताट पुढे ढकललं. “हे बोंबीलकाका आहेत. मी नाही खाणार.”

ताटात तळलेला बोंबील होता. सकाळी मासळीवालीशी हुज्जत घालून ताजा पारखून घेतलेला, मधला काटा काढून चार वर्षांच्या तोंडाला बेताचे तुकडे केलेला. माझं डोकं तडतडायला लागलं, कारण बोंबीलकाकांना जन्म मीच दिला होता.

रीमाचं जेवण म्हणजे रोजची लढाई. म्हणून भरवताना मी गोष्टी सांगायला लागले. ताटात जे असेल त्याचीच गोष्ट. समुद्राच्या तळाशी शंखांचा राजवाडा. चांदीचा झगा घातलेली पापलेटराणी. दारावर दोन नांग्या परजत उभा असलेला खेकडा शिपाई. आणि अंगात हाडच नाही असे, कुठल्याही फटीतून सटकून सगळ्यांना सोडवणारे बोंबीलकाका. रीमा आ वासून ऐकायची आणि त्या उघड्या तोंडात मी घास सारायचे. छान चाललं होतं. मग एक दिवस तिने ताटातल्या राणीला ओळखलं.

पापलेट बंद झालं. पाठोपाठ खेकडा. कोलंबी तर राजवाड्यातल्या लग्नात नाचली होती, तिचा प्रश्नच नव्हता. मी शहाणपणा केला आणि मुशीला, म्हणजे छोट्या शार्कला, दुष्ट बनवलं. रीमाने विचारलं, “तिने सॉरी म्हटलं तर?”

“ती नाही म्हणत सॉरी.”

“तिला कुणी विचारलंच नाही, ममा.”

मुशीही गेली.

एरवी चिकन तरी असतं. पण आता उपवासकाळ चालू होता आणि आमच्या घरात ईस्टरपर्यंत मटण-चिकन शिजत नाही. उरलं काय, तर डाळभात, बटाटा आणि एक अंडं. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी वजनाच्या आलेखावर पेन टेकवून विचारलं, “काय हो, घरात मासे खात नाही का?” वसईत राहून हा प्रश्न ऐकायचा! त्या दिवसापासून मी तिला आंघोळ घालताना बरगड्यांवरून हात फिरवून बघायला लागले.

वालीवच्या कारखान्यातून माझा नवरा कॅल्विन फोनवर म्हणाला, “अँजेला, भूक लागली की खाईल. तू उगाच टेन्शन घेतेस.”

“मग तू ये आणि भरव.”

“मी म्हणजे... शिफ्ट आहे ना.”

माझ्या सासूबाई, फ्लॉसी, यांचं मत तर सगळ्या गावाला पाठ होतं. “आम्ही पण पोरं वाढवली. माशाला कधी काका-मामा नाही केलं. कॉलेज शिकलीस, पण कुठली गोष्ट कुठे सांगायची ते नाय शिकवलं तुला कुणी.”

तेवढ्यात रीमाने विचारलं, “आजी, ईस्टरपर्यंत कोंबडीला सुट्टी असते ना?”

“असते हो बाय.”

“मग माशांना कधी?”

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो प्रश्न मीच तिला पढवून ठेवला होता.

पुढच्या शुक्रवारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. स्वयंपाकघरातून रीमाचा आवाज येत होता. आजीला गोष्ट सांगत होती. मी खिडकीशी थांबले.

“...मग ममा होडी घेऊन आली. तिच्या हातात मोठ्ठी सुरी होती. सगळे मासे घाबरले.”

“बाप रे! आ कर. मग?”

“मग मी रावसदादाला गुहेत लपवलं. म्हटलं, तू बोलू नको, मी आहे ना.”

“शहाणी माझी. आ.”

रीमा हातवारे करत बोलत होती आणि घास गिळत होती. भाताचे गोल, मऊ घास. आज सकाळी रावसाचं कालवण मीच केलं होतं. सासूबाईंच्या बोटांत रावसाचा पांढरा तुकडा भातात कुस्करला जात होता, अगदी दिसेनासा होईपर्यंत.

गप्प राहायचं होतं. किती दिवसांनी ती अशी जेवत होती! मी आणखी एक घास जाऊ दिला. मग आणखी एक. हातातला ओला टॉवेल पिळून पिळून माझी बोटं दुखायला लागली. ती रावसाला वाचवत होती, आणि आम्ही दोघी मिळून तिला तोच खायला घालत होतो. उद्या तिला कळलं, तर ती माझ्या हातचा डाळभात तरी खाईल का?

“रीमा,” मी खिडकीतूनच म्हटलं, “भातात रावस आहे.”

तिचं तोंड हलायचं थांबलं. तिने आजीच्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंडातला घास ताटात काढून ठेवला. रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“तुला वेड लागलंय काय गं?” सासूबाई कडाडल्या. “खात होती पोर! वजन-वजन करून आमचं डोकं खातेस, आणि आता?”

मी आत आले, गॅस पेटवला, तवा ठेवला. रीमा स्टूल ओढत माझ्याशेजारी आली आणि वर चढून तव्यात डोकावून बघायला लागली. मी काय टाकते ते नीट बघत होती. मी टोपलीतून अंडं काढून तिला आधी दाखवलं, मग फोडलं.

मागून सासूबाई ताट उचलता उचलता म्हणाल्या, “आता अंड्याची तरी गोष्ट सांगू नकोस, बाई.”