एकटं जेवत असल्याचा दाखला

राज्यकर्ते भांडले की कुणाच्या ताटातली पोळी जाईल, सांगता येत नाही. २००६ च्या जुलैत न्यू जर्सीत बजेटवरून त्यांचं फाटलं आणि राज्याचा कारभार आठवडाभर बंद पडला. अटलांटिक सिटीतले कॅसिनो बंद झाले म्हणून टीव्हीवर केवढा गहजब झाला. आयसेलिनला ओक ट्री रोडच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या शुभाकाकूंची फूड स्टँपची मुलाखत त्याच आठवड्यात होती, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार तरी कोण? काकू फूड स्टँपवर आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

काकू चौसष्ट वर्षांच्या. मूलबाळ नाही. यजमान स्क्रूच्या कारखान्यात होते, ते पाच वर्षांपूर्वी गेले. भाडं भरल्यावर जे उरायचं त्यात औषधं तरी यायची नाहीतर किराणा तरी, दोन्ही नाही. म्हणून मनावर दगड ठेवून त्यांनी ते सरकारी कार्ड काढलं. वर्षातून एकदा मुलाखत द्यायची, की कार्डात दर महिन्याला किराण्याचे पैसे येत राहायचे. दुकानात मात्र त्या सकाळी उघडताउघडता जात, ओळखीचं कुणी नसेल अशा बेताने. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुलाखतीच्या दिवशी त्या दोन बस बदलून गेल्या, तर ऑफिसच्या दारावर नुसता कागद चिकटवलेला. पुढच्या आठवड्यात ऑफिस उघडलं, पण मुलाखत झाली नाही म्हणून काकूंची केस आपोआप बंद झाली होती. कार्ड रिकामं. तुंबलेल्या कामाचा ढीग उपसता उपसता ऑगस्ट उजाडला आणि एका दुपारी ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. मुलाखत फोनवरच घेऊ, म्हणाल्या. नाव, पत्ता, भाडं, सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याबरोबर कोण जेवतं?"

आता याला खरं उत्तर एका शब्दाचं होतं. पण ज्या बाईच्या घरी शनिवारी पंधरा-पंधरा पानं उठत, तिच्या तोंडून तो शब्द निघावा कसा? नव्व्याण्णव साली वायटूकेच्या, म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामांच्या लाटेत पुण्या-नागपूरची पोरं घाऊक भावाने इथे उतरली होती. एका फ्लॅटमध्ये सहा-सहा जण, निम्मे बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना आणि पगाराविना. ती सगळी काकूंकडे जेवायला. निमिष तर शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा आणि पाच महिने बेंचवर होता. दोन्ही वेळा इथेच. त्याच्याकडे द्यायला काही नसायचं, म्हणून येताना दुधाचा गॅलन तेवढा आणायचा. असतील शितं तर जमतील भुतं म्हणतात. काका गेल्यावरही शितं होती, भुतंच पांगली. कुणाला नोकरी लागली, कुणाला बायको मिळाली, कुणी परत गेला. कुणाचं काही चुकलं असं नाही, पण यायचं तेवढं थांबलं.

"निमिष," काकू फोनवर म्हणाल्या. "रोज असतो जेवायला. मुलासारखाच आहे."

"किराण्यात हातभार लावतो?"

"दूध तोच आणतो," काकूंनी अभिमानाने सांगितलं.

फोन ठेवल्यावर दुपारभर त्यांना फार बरं वाटलं. इतक्या दिवसांनी कुणीतरी विचारलं होतं, आणि सांगायला एक नाव होतं.

आठ दिवसांनी पत्र आलं. तुमच्या घरी दोन माणसं एकत्र जेवतात, सबब दुसऱ्याच्या पगाराच्या पावत्या पाठवा. तो तुमच्यात जेवत नसेल, तर तसं त्याच्या सहीनिशी लिहून आणा. मुदत दहा दिवस. काकूंनी पत्र दोनदा वाचलं. निमिषचा पगार पाहिला असता तर ऑफिसातल्या बाईंनी काकूंकडूनच कर वसूल केला असता. इकडे तूरडाळ बरणीच्या तळाला गेलेली. दोन दिवस त्या फोनच्या आसपास घुटमळल्या, तिसऱ्या दिवशी मराठी मंडळाच्या डिरेक्टरीतून नंबर शोधला. निमिष प्लेन्सबरोला राहत होता, गाडीने अर्धा तास.

फोन त्याच्या बायकोने, इशिताने उचलला. मग निमिष आला. "काकू! कशा आहात? मी येतो येतो म्हणतोय, पण वीकएंड कसा जातो कळतच नाही."

"शनिवारी ये. एक कागद लिहून हवाय," काकू म्हणाल्या. पुढचं फोनवर सांगायची जीभ होईना.

शनिवारी त्यांनी होती नव्हती ती डाळ शिजवली. वरण-भात, बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी, आणि टेबलावर दोन ताटं. निमिष दीड वाजता आला. अंगाने भरला होता, कानशिलं पांढरी झाली होती. ताटं पाहून ओशाळला. "काकू, तुम्ही कशाला त्रास घेतलात? आमच्या रुहीचा डान्स क्लास होता, तिथेच पिझ्झा झाला. आणि तसाही मी भात बंद केलाय, लो-कार्ब."

"बरं, ताक तरी घे," काकू म्हणाल्या, आणि ताक देतादेता सगळं सांगून मोकळ्या झाल्या. कार्ड, बंद ऑफिस, फोन, पत्र. सांगताना त्या त्याच्याकडे पाहत नव्हत्या.

निमिषने ताकाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलंत? मी मंथली काहीतरी सेट करून टाकतो. ऑटोमॅटिक. तुम्हाला बघायलाही लागणार नाही."

"ऑटोमॅटिक नको रे. तू कागद लिही."

"पण काकू, माझंच नाव का सांगितलंत?"

"दुसरं आठवलं नाही."

तो उठला. ग्लास विसळायला म्हणून सिंकपाशी गेला. तिथे जाळीत एक ताटली, एक वाटी आणि एक चमचा वाळत होता. खिडकीत औषधांच्या बाटल्या, भिंतीवर मागच्या वर्षीचं मंडळाचं कॅलेंडर. तो परत येऊन बसला, गंभीरपणे पानभर लिहिलं, सही केली आणि पाकीट चिकटवून दिलं. दारात म्हणाला, "पुढच्या महिन्यात इशिताला आणि रुहीला घेऊन नक्की जेवायला येतो." मग चपापला. "म्हणजे, केस क्लियर झाली की."

"एक दिवस पाहुणा आला तर सरकार काही म्हणत नाही," काकू हसून म्हणाल्या. तोही हसला आणि गेला. गाडी वळेपर्यंत काकू जिन्यात उभ्या होत्या. मग आत येऊन त्यांनी दुसरं ताट उचलून ठेवलं आणि पहिल्यात वाढून घेतलं. वरण चांगलं झालं होतं.

सोमवारी त्या पाकीट घेऊन ऑफिसात गेल्या. तासाभराने नंबर लागला. फोनवरच्याच बाई होत्या. त्यांनी पाकीट फोडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी माझ्या बायको आणि मुलीसह प्लेन्सबरोला राहतो. मिसेस शुभा ओगले यांच्या घरी मी शेवटचा जेवलो ते त्यांचे पती हयात असताना. इथवर ठीक होतं, एवढंच काकूंनी मागितलं होतं. पण निमिष कामाचा माणूस. अर्धवट काही ठेवायची त्याला सवय नाही. पुढे त्याने लिहिलं होतं: "माझ्या माहितीप्रमाणे त्यांच्याबरोबर कुणीही जेवत नाही, आणि त्यांच्याकडे कुणी येतही नाही."

बाईंनी त्या वाक्यावर पिवळी रेघ ओढली. "हेच हवं होतं," त्या खूश होऊन म्हणाल्या. "लोक इतकं स्पष्ट लिहून आणत नाहीत. परवापर्यंत कार्ड सुरू होईल, मधल्या दिवसांचे पैसेही मिळतील. फक्त हे वाचून बघा. बरोबर असेल तर शेजारी सही करा."

काकूंना निमिषचा राग आला. त्याने खोटं लिहिलं असतं तर बरं, इतका राग आला. त्यांनी चष्मा लावला आणि मनातल्या मनात शोधू लागल्या. एखादं नाव, गेल्या वर्षभरात चहाला तरी आलेलं कुणी. मागे रांग खोळंबली होती.

"काही चुकलंय का त्यात?" बाईंनी विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या. "सगळं बरोबर आहे." आणि त्यांनी सही केली.