गोंगाट गाळणारी
मी गाळणी बोलतेय. चहाची नव्हे, रेडिओलहरींची. आगपेटीच्या निम्म्याने असेन, अंगावर तांब्याच्या नागमोडी रेघा. हवी ती लहर पुढे सोडायची, बाकीच्या अडवायच्या. एवढंच काम होतं माझं, तेही लोकांनी धड करू दिलं नाही.

मानिसालेस शहरात निदियाने मला घडवलं. तिचा सहकारी फाबियान अँटेना करत होता. अँटेना जागची हलायची नाही, पण तिचा झोत समोरच्या डोंगरउतारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा आणि माती किती सरकली ते सांगायचा. अडचण होती मोबाइलच्या टॉवरची. त्याच्या गोंगाटात डोंगराचं काही ऐकूच येईना. म्हणून अँटेनाच्या प्रत्येक तुकड्यामागे एक गाळणी हवी होती, आणि तुकडे तर एकमेकांना खेटून.

निदियाने माझ्या रेघा दुमडल्या, पुन्हा दुमडल्या. मी लहान झाले की हवी ती लहरही माझ्यातच विरायची. मोठी केली की मावायची नाही. संगणकावर मी गुणी, टेबलावर वाया गेलेली. माझ्या कितीतरी बहिणी तिने चिडून कचऱ्यात टाकल्या.

"तुझी गाळणी टॉवरला नाही, मलाच अडवतेय," फाबियान म्हणाला.

"मग तुकडे जरा लांब लांब ठेव ना."

"ठेवले तर झोत फुटतो. आणि त्या उताराखाली माझी आई राहते, निदिया."

ती पुन्हा रेघा आखायला बसली. पुढे एकदा वैतागून तिने मला झाकण न लावताच मोजलं, आणि मी बरोबर निघाले! धातूचं झाकण जवळ आलं की माझा सूर ढळत होता, आणि ते तिने हिशोबात धरलंच नव्हतं. स्वतःला चार शिव्या घालून तिने मला नव्याने आखलं. मग आम्ही सगळ्या बहिणी अगदी सारख्या उतरलो.

आम्हाला अँटेनासकट उताराच्या समोर, उंच खांबावर वर बसवलं. डोंगर स्पष्ट ऐकू येऊ लागला, तोच दोघांच्या संस्थेच्या संचालकांनी सांगितलं की परदेशातून तयार यंत्र येतंय, हे उतरवा. निदिया भांडली, पण त्यांना हमीपत्र असलेलं यंत्र हवं होतं.

दोघं आम्हाला काढायला आली तेव्हा पाऊस कोसळत होता. पडद्यावर वरची माती भराभर सरकताना दिसली. फाबियानने आईला, दोन्या एल्वियाला म्हणजे एल्वियाबाईला, फोन लावला. ती म्हणे चुलीवर राजमा शिजतोय, असला पाऊस काय नवा आहे?

"आई, राजमा राहू दे. शेजाऱ्यांना हाका मार आणि आत्ताच्या आत्ता नीघ."

ती कुरकुरत निघाली, गल्लीलाही घेऊन निघाली. संध्याकाळी कडा कोसळला. तिचं स्वयंपाकघर मातीखाली गेलं, माणसं सगळी वाचली.

संचालकांनी दोघांना मिठी मारली आणि आठवड्याभरात आम्हाला उतरवलंच. यंत्राची मागणी म्हणे रद्द करता येत नाही.

ते यंत्र कागदपत्रांपायी अजून बंदरात अडकलंय. मी ड्रॉवरमध्ये पडून आहे. उरलेल्या उतारावर नव्या भेगा आहेत आणि जायला दुसरी जागा नाही म्हणून माणसं परत तिथेच राहायला गेलीत. दोन्या एल्वियासुद्धा. ती येऊन विचारते, "काही लावलंत का रे वर?" फाबियान मान खाली घालतो.

मला कौतुक नको. नवं यंत्र येईल तेव्हा येऊ दे. तोवर कुणीतरी हा ड्रॉवर उघडा आणि मला वर न्या.