फणस पडल्याचा आवाज

पद्माकरने रायफलीच्या तोंडावर ते काळं नळकांडं फिरवून घट्ट बसवलं, तशी मथुरेने शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"मग आवाज जातो कुठं, भावजी?"

"आतच जिरतो, वहिनी. फावल्या वेळात कारखान्याच्या लेथवर केलाय हा सायलेन्सर. नेम चुकला तरी अस्वल बुजणार नाही. दुसरी गोळी हमखास मिळणार."

"पाणी मातीत जिरतं तसा?" मथुरेने नळकांड्यावर टिचकी मारून पाहिली.

पायरीवर बसलेला तिचा नवरा विठोजी मित्राकडे बघून हसला. "इंजिनियरसाहेब, हिच्या तोंडाला एखादा करा."

"आधी यांच्या घोरण्याला बसतोय का बघा."

बंगळुराबाहेर, मागडी रस्त्याला विठोजीची फणसाची बाग. फणस पिकले की डोंगरातून अस्वल उतरायचं. गेल्या साली त्याने विठोजीचा खांदा फाडला होता. या घराची रीत मथुरेच्या आजेसासूपासूनची : बागेतून एक बार ऐकू आला की काम फत्ते, बाईने न्हाणीचं पाणी तापत ठेवायचं; लागोपाठ दोन आले की माणूस संकटात, गड्यांना हाक मारून त्याला उचलून आणायला बाज घेऊन धावायचं. गेल्या साली दोन आले होते. बाज वेळेवर पोचली, म्हणून मथुरेचं कुंकू राहिलं.

"सरी, चला तर, वारुळावर गोळी झाडून बघू," विठोजी उठला. "तू घरातनंच ऐक गं."

दोघे बागेत गेले. मथुरा चुलीपाशी कान देऊन उभी राहिली. पोपट भांडत होते, पानं पानांशी कुजबुजत होती. मग धप् झालं. थोड्याने पुन्हा धप्. फणस गळाले वाटतं, गुरांनी तोंड घालायच्या आत उचलावेत, म्हणून ती टोपली घेऊन निघाली. या झाडाखाली बघितलं, त्या झाडाखाली बघितलं. बघत बघत वारुळापाशी पोचली.

"अहो, उडवणार तरी कधी? कान दुखले माझे. मधेच दोन फणस पडले, तेही कुठं दिसेनात."

पद्माकरने टाळी पिटली. "जिंकलो! विठोजीराव, आपण दोन झाडल्या आणि वहिनी फणस शोधतायत!"

विठोजी हसू लागला आणि थांबला. तिच्या रिकाम्या टोपलीकडे बघता बघता त्याचा हात खांद्यावर गेला.

"दोन?" मथुरेने विचारलं.

विठोजीने तिच्या हातून टोपली घेतली आणि तो घराकडे वळला.

दिवस कलल्यावर मचाणावर जाताना विठोजीने खुंटीवरची जुनी दुनळी बंदूक काढली.

"अहो, रायफल राहिली!" पद्माकर म्हणाला.

"तुम्ही आवाजापायी काडतुसात दारू कमी भरलीय. अस्वलाच्या केसांतच अडकायची गोळी. जवळून जड गोळीच बरी."

"आणि बार ऐकून पळालं तर?"

"पळू दे की."

तो मथुरेकडे न बघताच पायऱ्या उतरला. तिने हंडा भरून चुलीवर चढवला. अंगणातली बाज मात्र उभी करून दाराशी टेकवली.

तिन्हीसांजेला बार झाला. डोंगराने तो झेलला, परत फेकला. मथुरेने लाकूड आत सारलं, पण फुंकणी ओठांपाशी तशीच धरून ठेवली. घुमणं विरलं. पोपट पुन्हा बोलू लागले.

मग बागेत कुठंतरी धप् झालं.

"पडू दे," ती म्हणाली, आणि तिने चुलीत फुंकर घातली.