जिथे कुठे असेल तिथे

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. चिनी मातीची, तपकिरी झिलईची, पोटाने मोठी आणि मानेने आखूड. तळापासून कमरेपर्यंत माझ्या अंगावर वेताचे विणकाम आहे. आयुष्यात मी पुष्कळ पाहिले, पण सांगावे असे जे आहे ते एकोणीसशे त्रेपन्न साली, वल्हांडण सणाच्या आठ दिवसांत आणि नवव्या दिवसाच्या सकाळी घडले.

कुंभाराने मला आव्यातून काढले तेव्हा टिचकी मारून पाहिली. मी खणखणीत वाजले. तो म्हणाला, "ही दोन माणसांना पुरून उरेल." मग मी आजोबांच्या घरी आले. आजोबांची जवापासून मद्य काढायची लहानशी भट्टी होती. अंगणाच्या एका बाजूला भट्टी, खाली तळघर, वर राहायच्या तीन खोल्या. ज्या दिवशी त्यांना नात झाली, त्या दिवशी त्यांनी त्या वर्षीचे सर्वांत उत्तम मद्य माझ्यात भरले, बुचावर लाख ओतली आणि म्हणाले, "ही आता हिच्या लग्नात उघडायची. तोवर कोणी हात लावाल तर याद राखा."

नात जन्मल्यापासून गप्प म्हणून बसली नाही, म्हणून तिला सगळे टिटवी म्हणत.

आता तुम्हाला या घराचा एक नियम सांगायला हवा. हे घर ज्यू होते. वल्हांडणाच्या आठ दिवसांत त्यांच्या घरी खमीर चालत नाही. गहू, जव अशा धान्याचे जे आंबवलेले, ते सगळे खमीर. जवाचे मद्यही त्यातच आले. ते नुसते खायचे-प्यायचे नाही एवढेच नव्हे, ते आपल्या मालकीचेही असता कामा नये. आणि सणात जर ते आपल्या मालकीचे राहिले, तर सण संपल्यावरही त्याचा कसलाच उपयोग करायचा नाही. प्यायचे नाही, विकायचे नाही, कोणाला द्यायचेही नाही.

मग ज्याची सगळी कमाई तळघरात भरलेली, त्याने काय करावे? तो सणाआधी सगळा माल परधर्मी माणसाला खरोखर विकतो, किल्ली त्याच्या हाती देतो आणि सण संपला की परत विकत घेतो. आमचा माल घ्यायचे शेजारचे वेतकाका, आजोबांना दादा म्हणणारे. खुर्च्या आणि टोपल्या विणायचे. त्यांना वाचता येत नव्हते, पण व्यवहाराला माणूस चोख. आठ दिवस तळघराची किल्ली गळ्यात घालून ते रस्त्यातून असे चालत, की जणू सगळे गाव त्यांनी विकत घेतले आहे. असे करून मी अठरा वेळा विकली गेले आणि अठरा वेळा परत आले.

विक्रीचा कागद आजोबा लिहीत. तळघरातली पिंपे, फडताळातल्या बाटल्या, भट्टीतला जव, असे एकेक लिहून शेवटी दरवर्षी तेच शब्द असत: "आणि जिथे कुठे असेल तिथे." आजोबांचा चष्मा, टोपी, छत्री, काहीही हरवले की ते हेच म्हणायचे, "असेल जिथे कुठे असेल तिथे." आजीला ते ऐकूनच चीड यायची. ती टापटिपीची. अंधारातही हात घालून सुई काढून देईल अशी. "तुमच्या कागदालाही तुमच्यासारखाच ठावठिकाणा नाही," असे ती त्यांना चिडवायची.

आदल्या हिवाळ्यात आजोबा गेले. टिटवीचे लग्न ठरले होते, वल्हांडणानंतर तीन आठवड्यांनी. माझ्या अंगावरचा वेत कुजून लोंबत होता. लग्नात मी अशी कशी मिरवणार? म्हणून टिटवीने मला हातगाडीवर घालून वेतकाकांकडे नेऊन ठेवले. पुढे घरातली साफसफाई सुरू झाली. कणभरही खमीर राहू नये म्हणून खिसेसुद्धा उलटे करून झटकले गेले. त्या गडबडीत मी घरात नाही, हे कोणाच्याच लक्षात राहिले नाही.

त्या वर्षी कागद आजीने लिहिला. एकटीने, पहिल्यांदाच. तळघर लिहिले, फडताळ लिहिले, भट्टी लिहिली. शेवटच्या शब्दांपाशी तिची लेखणी थांबली. मग ती स्वतःशीच म्हणाली, "माझ्या घरात 'जिथे कुठे' काही नसतं." आणि तिने कागदावर बोट ठेवून वेतकाकांचा अंगठा घेतला. हे मला पुढे तिच्याच तोंडून कळले, कारण मी तेव्हा वेतकाकांच्या खिडकीत नवा वेत लेवून पडद्याच्या फटीतून रस्ता बघत बसले होते.

सण संपला. नवव्या दिवशी सकाळी वेतकाका किल्ली परत करायला निघाले, तेव्हा मला त्यांनी खांद्यावर घेतले. आजी अंगणातच होती.

"वहिनी, डोळे मिटा," ते म्हणाले आणि मला पायरीवर ठेवले. "आता उघडा!"

आजीचा चेहरा असा काही उजळला! नव्या वेतावरून तिने हात फिरवला. "भावजी, नवरीपेक्षा हीच नटली की हो!"

आणि मग तो हात माझ्या पोटावर थांबला.

"भावजी, ही कुठे होती?"

"कुठे म्हणजे? माझ्या खिडकीत. आठही दिवस. पडदा लावून ठेवली होती, ऊन लागू नये म्हणून."

आजीने हात झटकन मागे घेतला. टिटवी आतून धावत आली. "काय झालं गं आजी?"

"ही मी विकलीच नाही," आजी म्हणाली. "मी लिहिलं तळघर, फडताळ आणि भट्टी. ही तिन्हीत नव्हती."

वेतकाकांना आधी हसूच आले. "अहो, पण माझ्याच घरात होती ना! मग माझीच झाली!"

"तुमच्याकडे शेजारणीची खुर्ची विणायला येते. ती तुमची होते का?"

"बरं, मग समजा की मी घेतली."

"समजा म्हटल्यानं पोट भरतं का, भावजी?"

टिटवी म्हणाली, "कोणाला कळणार आहे आजी? आपण तिघंच आहोत." ती माझ्यापाशी येऊन बसली. "आजोबांच्या हातचं तेवढंच उरलंय."

आजी घरात गेली. तिने शाल घेतली आणि गुरुजींना बोलावून आणले. गुरुजी म्हणजे त्यांच्या धर्मशास्त्राचे जाणकार, आजोबांचे बालमित्र. त्यांनी येताना दोन जाडजूड पोथ्या आणल्या आणि माझ्याशेजारी बसून पाने उलटू लागले. मला स्पष्ट दिसत होते, त्यांना काहीही करून वाट काढायची होती.

"सणाआधी आपण तोंडानं म्हणतो ना गुरुजी," टिटवीने विचारले, "दिसलेलं, न दिसलेलं सगळं खमीर मातीमोल समजून सोडलं म्हणून? मग हेही सोडलंच की."

"त्यानं भागत नाही, बाळ. नाहीतर जो तो मागाहून म्हणेल, मी सोडलं होतं." गुरुजींनी चष्मा काढला. मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "पण थांबा! कागदाच्या शेवटी तो नेहमी एक ओळ लिहायचा. 'जिथे कुठे असेल तिथे.' ती असेल तर ही बरणीसुद्धा विकली गेली! वहिनी, ती ओळ आहे ना?"



वेतकाकांनी हळूच खिशावर हात ठेवला. "कागद माझ्यापाशी आहे. मला काही वाचता येत नाही बुवा. असेलच ओळ. आणि नसली तरी..." त्यांनी गुरुजींकडे पाठ करून आजीला डोळा घातला, "शाई काय, दुकानात मिळते."

"नीट आठवा वहिनी," गुरुजी पुन्हा म्हणाले. "मी कागद मागत नाही. तुम्ही सांगाल ते मला पुरे."

मित्रांनो, 'आहे' हा केवढासा शब्द! तो तिच्या जिभेवर आला असता तर माझे बूच टिटवीच्या लग्नात उघडले असते. आजोबांची एकोणीस वर्षांची राखण सार्थकी लागली असती. आजीने टिटवीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"नाही," ती म्हणाली. "ओळ नाही. मी गाळली. मला वाटलं, मला सगळं ठाऊक असतं."

गुरुजींनी पोथी मिटली. ते म्हणाले, "मग ओतायला हवं."

टिटवीने डोळे पुसले. "आजोबा असते तर?"

"ते असते तर त्यांनीही ओतलं असतं," आजी म्हणाली. "पण ते असते तर ओतायची वेळच आली नसती."

आणि काय सांगू, दोघी रडता रडता हसायला लागल्या.

"मग मला तरी द्या," वेतकाका कळवळून म्हणाले. "मला कुठे तुमचा नियम आहे?"

"दिलं तर तुम्ही माझे उपकार मानाल. तोही फायदाच झाला, भावजी."

"अहो, मी उपकार मानणार नाही! शपथेवर सांगतो, उद्यापासून तुमच्याशी भांडेन!"

"ते तुम्ही तसंही भांडता."

लाखेवर वेतकाकांनी हातोडी मारली, पण बूच काढायला टिटवी पुढे झाली. "माझ्यासाठी भरलं होतं ना? मग मीच ओतीन." आजीने एका बाजूने मला धरले, टिटवीने दुसऱ्या बाजूने. त्या मद्याचा वास घेऊन सुख मानायलाही त्यांना बंदी होती, म्हणून दोघींनी नाकाला रुमाल बांधले होते. अंगणाच्या मोरीकडे माझी मान कलली आणि एकोणीस वर्षे माझ्या पोटात जपलेले सोनेरी मद्य भळाभळा वाहू लागले.

वेतकाका मोरीपाशी उकिडवे बसले होते. त्यांना वासाची बंदी नव्हती. ते डोळे मिटून म्हणाले, "वहिनी, मी सांगतो कसा वास आहे. आधी भाजलेला जव. मग पावसात भिजलेलं लाकूड." त्यांनी पुन्हा एकदा श्वास ओढला. "आणि दादांचा सदरा. कामावरून आल्यावर खुंटीला टांगलेला."

आजीने मला सोडले नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत सोडले नाही.

नंतर गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे मला तीन दिवस पाण्याने काठोकाठ भरून ठेवले, रोज नवे पाणी. मी शुद्ध झाले. लग्नात द्राक्षाचा रस होता, द्राक्षाचे मद्य होते. पण मधोमध मी होते आणि माझ्यात साधे पाणी. टिटवीने पहिला पेला वेतकाकांना दिला. त्यांनी जिभेवर घोळवून मान डोलावली. "वा! चांगलं मुरलंय." गुरुजींना हसता हसता ठसका लागला.

आता पुढचे सांगते. वेतकाकांनी टिटवी सासरी जाण्याआधी तिच्याकडून अक्षरे शिकायला सुरुवात केली आणि उरलेली आजीकडून. दुसऱ्या वर्षापासून ते कागद स्वतः मोठ्याने वाचत, मगच सही करत. शेवटची ओळ आली की आवाज चढवत. डोळे अधू होईपर्यंत त्यांनी आमचा माल विकत घेतला. गुरुजी फार वर्षे जगले. आपल्या शिष्यांना ते सांगत, "मी तिला दोनदा दार उघडून दिलं. ती आत आली नाही. तिच्याकडून मी शास्त्र शिकलो."

टिटवी दूरच्या शहरात गेली. तिला मुलगी झाली तेव्हा तिने आजीला कळवले, आणि आजीने मला पुन्हा भरले. त्या मुलीच्या लग्नात माझे बूच उघडले. कुंभाराचा शब्द खरा झाला. आजोबांपाठोपाठ आजीही गेली होती, मी मात्र होते.

आजीने अकरा वर्षे भट्टी चालवली आणि शेवटपर्यंत कागद स्वतः लिहिला. आज मी टिटवीच्या खोलीत खिडकीपाशी असते. ती आता स्वतःच आजी झाली आहे. माझा वेत पुन्हा उसवला आहे. मित्रांनो, तुमच्या घरात असे एखादे जुने भांडे असेल तर ते टाकण्याआधी त्यावरून एकदा हात फिरवा. आणि एखादे जुने माणूस पुन्हा पुन्हा तेच चार शब्द बोलत असेल, तर ते फुकटचे समजून गाळू नका.

माझ्या पोटात सध्या फक्त एक कागद आहे. आजीचे शेवटचे पत्र. टिटवी ते कधी कधी काढून वाचते. त्यात फारसे काही नाही. तब्येत, हवा, वेतकाकांची खोकल्याची तक्रार. खाली ठळक, टापटिपीच्या अक्षरात एक ओळ आहे: "तुला आशीर्वाद. आणि तुझ्या आजोबांनाही माझा निरोप, ते जिथे कुठे असतील तिथे."