बुर्को पिंजऱ्यात जाईना

देवानं अक्कल वाटली तेव्हा माझा लेक ओरेस्ट कुठे उलथला होता कोण जाणे. येत्या शुक्रवारी तो कायमचा जर्मनीला चाललाय. त्याच्या बुर्कोलाही विमानातून न्यायचं, म्हणून दीड महिना मी त्या कुत्र्याला पिंजऱ्याची सवय लावली. जेवण आत, कलेजीचा तुकडा आत, अंथरायला माझा जुना स्वेटरही आत. शेवटी तो आपणहून आत जाऊन घोरायला लागला होता.

काल मी चर्चच्या बायकांबरोबर वरेनिके, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरायला गेले, तेवढ्यात बुर्कोनं ओरेस्टचा बूट कुरतडला. या शहाण्यानं शिक्षा म्हणून त्याला त्याच पिंजऱ्यात कोंडलं, आणि वर पिंजऱ्याला बाहेरून लाथा मारल्या. आता पिंजरा दिसला की बुर्को टेबलाखाली थरथरतो.

"उचलून आत घालू की, आई. कुत्राच तर आहे!"

"हात लावून बघ! बारा तास आत भेदरून पंजे रक्तबंबाळ करून घेईल तो. तुझं तू जा शुक्रवारी. बुर्को माझ्याजवळ राहील. आपल्या पायांनी पिंजऱ्यात शिरेल, तेव्हाच पाठवीन. तोवर एकटा राहा तिकडे, आणि फोनवर मला रडगाणं ऐकवू नकोस."